चांदी अडवत नाही

कोझ्मासच्या दुकानात एकच कायदा होता. तो 'हात!' म्हणाला, की ऐकणाऱ्याने दोन्ही पंजे उघडायचे. हातात काय आहे ते बघायचं नाही, का म्हणून विचारायचं नाही. चिमटा असो, मूस असो, गिऱ्हाइकाची आजीकडून आलेली साखळी असो, सोडून द्यायची. कारण चांदी मोठी कावेबाज. तापलेला तुकडा आणि गार तुकडा दिसायला सारखेच, आणि शहाणपण सुचेपर्यंत बोटांची कातडी गेलेली असते. कोझ्मासला त्याच्या बापाने हा शब्द कानाखाली वाजवून शिकवला होता. कोझ्मासने आपल्या मुलीला तो नुसत्या आवाजाने शिकवला, कारण एवांथियावर हात उगारायची त्याची प्राज्ञा नव्हती. तिचे हात कामाच्या बाकापर्यंत पोचावेत म्हणून स्टुलावर उशी ठेवावी लागे, तेव्हापासूनची ही सवय.

दुकान ग्रीसमधल्या यानिनाच्या किल्ल्यात, तळ्याकडे उतरणाऱ्या गल्लीत. या गल्लीत एके काळी दारोदार तारकाम चाले. चांदीची तार पोलादी जंतरपट्टीच्या बारीक बारीक भोकांतून ओढायची, केसाएवढी झाली की दोन तारांना पीळ द्यायचा, आणि त्या पिळातून पानं, पाकळ्या, फुलपाखरं वळायची. आता गल्लीत साच्यातून काढलेले दागिने विकतात, तेही भलत्याच देशातून खोक्यांत भरून आलेले. कोझ्मास मात्र अजून तार ओढत होता. गिऱ्हाईक आलं तर ठीक, न आलं तर त्याहून ठीक. निदान मूर्ख प्रश्न तरी ऐकावे लागत नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते अशाच माणसांना.

एवांथियाचा हात त्याच्याहून हलका होता. हे त्याला ती शाळेत होती तेव्हाच कळलं होतं, आणि त्याने ते कोणालाही सांगितलं नव्हतं. तिला तर नाहीच. मग शिकून-सवरून मोठी झाल्यावर एके दिवशी तिने जेवता जेवता जाहीर केलं, की यापुढे ती चांदी वळणार नाही, व्हेपच्या कॉइली वळणार आहे.

"कसल्या?" कोझ्मासने विचारलं.

"व्हेपच्या, बाबा. बॅटरीवर तापते ना, ती तार. तिच्यात कापूस, कापसात रस, रसाची वाफ. हाताने वळलेल्या कॉइली लोक हौसेने मागवतात. पोलंडहून पत्ते आलेत, पोर्तुगालहून आलेत."

"म्हणजे आमच्या सात पिढ्यांची विद्या धुरात घातलीस म्हण की."

"वाफ, बाबा. धूर नाही."

"वाफ भाताची असते. हा धूर!" असं म्हणून तो ताट सारून उठला.

तेव्हापासून वरची खोली तिची आणि खालचं दुकान त्याचं. बोलणं बंद झालं नाही. तळ्यातल्या माशांवर, नगराध्यक्षावर, एवांथियाच्या आईच्या, पोलिक्सेनीच्या, गुडघ्यांवर बापलेक भरभरून बोलत. फक्त कॉइलीचं नाव निघत नसे, आणि कोझ्मासने वरच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवरही कधी पाय ठेवला नाही. शेजाऱ्यांनी विचारलं तर तो सांगे, मुलगी विजेचं काहीतरी करते. पोलिक्सेनी कपाळावर हात मारून म्हणायची, "देवाने मला एकाच मातीची दोन गाढवं दिली. एक वर बांधलंय, एक खाली."

एका दुपारी पालकाची पिता, म्हणजे तिकडची भाजी भरलेली खुसखुशीत पोळी, ओव्हनमधून निघाली आणि नेमके पोलिक्सेनीचे गुडघे धरले.

"जा रे, पोरीला हाक मार."

कोझ्मासने खालूनच हाक मारली. उत्तर आलं नाही.

"वर जा! जिना काय चावतो का तुला?"

तो गेला. दार उघडंच होतं. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला, आणि एवांथिया टेबलाशी वाकून बसलेली. अगदी तशीच, जशी स्टुलावरच्या उशीवर बसायची. तिच्या हातात तांब्याची जाड नळी होती आणि नळीच्या तोंडावर बसवलेली एक कॉइल, जवाच्या दाण्याहून थोडी मोठी. कोझ्मास सवयीने वाकला, सवयीनेच डोळे बारीक केले, आणि त्याला आतल्या तीन तारा दिसल्या, त्यांच्यावर गुंडाळलेली केसासारखी चौथी दिसली, आणि त्या चौथीची माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसलेली नक्षी दिसली. हा पीळ त्याने ओळखला. तो त्याचाच होता. त्याच्या आधी त्याच्या बापाचा होता.

मग तिने नळीच्या बुडाचं बटण दाबलं.

आधी काहीच झालं नाही. मग कॉइलीच्या बरोब्बर मध्यावर एक लाल ठिपका उमटला, डाळिंबाच्या दाण्याएवढा. तो दोन्हीकडे सारखाच पसरत गेला, घाई न करता, टोकापर्यंत, आणि लालाचा नारिंगी झाला. तिने अंगठा उचलला, तशी ती लाली आल्या वाटेने मागे गेली आणि मध्यावर जाऊन विझली.

कोझ्मासचा जन्म आगीत गेला होता. पण त्याची आग बाहेरून यायची. फुंकणीतून निघायची, चांदीला चाटायची. ही आग धातूच्या पोटातून आली होती. ज्योत नाही, आवाज नाही, कोणी फुंकलं नाही. त्याने नकळत छातीवर क्रूसाची खूण केली.

"बाबा!" एवांथिया दचकली. "तू? वर?"

"पुन्हा दाब," कोझ्मास म्हणाला.

तिने पुन्हा दाबलं. मग आणखी एकदा. पिता खाली गार होत होती आणि पोलिक्सेनी काय काय बोलत होती ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"हे होतं कसं?"

तिला काय बोलू आणि काय नको असं झालं. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा विचारलं होतं. तिने नळीचं बुड उघडलं, आतून अंगठ्याएवढी बॅटरी काढून टेबलावर ठेवली. "हे बघ, ही सेल. हिच्यात आग कोंडलेली आहे असं समज. ही नळी तांब्याची, ती विजेला अडवत नाही, म्हणून ती गार राहते. आणि ही कॉइल लोखंड-क्रोमची, हट्टी तार. ती अडवते. अडवते म्हणून तापते. ती दाराशी उभी आहे, बाबा. आग थोडी थोडी सोडते. किती अडवते ते ओहममध्ये मोजायचं. ओहम निम्मे केले, की सेलमधून दुप्पट वीज ओढली जाते. आमच्यातले हौशी लोक ओहम खाली खाली नेतात, कारण वाफेचा डोंगर होतो. पण प्रत्येक सेलचा दम ठरलेला असतो."

"तो सेलच्या या कागदावर छापलाय की."

"तो आकडा म्हणजे लग्न जुळवणाऱ्याने सांगितलेला पगार! त्यातून थोडंथोडकं नाही, बरंच काही वजा करायचं असतं. दम संपला, किंवा कोणी दारच काढून टाकलं, तर आतली सगळी आग एकदम बाहेर येते. आणि या नळीत मेंदू नाही. नव्या यंत्रांत असतो, ती चूक दिसली की बंद पडतात. हिला बटण दाबलं की दाबलं. ती विचारत नाही."

"आणि ही भोकं कशाला पाडलीस एवढ्या सुंदर नळीला?"

"आग बाहेर पडायला. भोकं नसली तर नळीच फुटेल, बंदुकीसारखी. तोंडाजवळ धरतो आपण ती."

कोझ्मासने नळी हातात घेऊन वजन बघितलं. तांबं उत्तम होतं. "तांबं अडवत नाही म्हणतेस. आणि चांदी?"

"चांदी?" एवांथिया हसली. "चांदी तर राणी, बाबा! चांदीइतकी मोकळी वाट विजेला जगात कोणीच देत नाही."

बस्स. कोझ्मासच्या कानात एवढंच राहिलं. दाराची गोष्ट त्याने ऐकली होती, पण ती नुसती कानाला लागून गेली. वाचणाऱ्याला इथेच घाम फुटला असेल. कोझ्मासला फुटला नाही. त्याची छाती फुगली होती. उभा जन्म ज्या धातूशी काढला, ती राणी निघाली होती, आणि तेही पोरीच्या तोंडून.

त्यानंतरचे दिवस तो अंगात आल्यासारखा वागत होता. दुकानाचं दार लावून घेई आणि पोलिक्सेनीने विचारलं तर खेकसे. त्याचा हिशोब साधा होता. तांबं न अडवणारं म्हणून नळी तांब्याची. चांदी त्याहून न अडवणारी. मग पोरगी असल्या लोखंडी तारेशी का झटते? परवडत नसेल, दुसरं काय. बाप चांदीत लोळतोय आणि लेक लोखंड वळतेय, म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा! तिच्या कचऱ्याच्या डब्यातून त्याने एक नापास कॉइल मापासाठी उचलून आणली होती. तिच्या मापाने त्याने चांदी ओढली. आतल्या तारा दणकट ठेवल्या, वरची तार मात्र जंतरपट्टीच्या शेवटच्या भोकातून काढली, जे भोक त्याने बाप गेल्यापासून वापरलं नव्हतं. भिंगाखाली वळताना त्याचा श्वास अडकायचा. आतल्या तारांना त्याने डावा पीळ दिला, वरच्या तारेला उजवा. म्हणजे उजेड पडला की नक्षी हलल्यासारखी दिसते. ही त्यांच्या घराण्याची रीत होती आणि ती त्याने अजून कोणाला दिली नव्हती.

कॉइल झाली तेव्हा तो तिच्याकडे बघत बराच वेळ बसला. मग त्याला लाज वाटली, की इतका आनंद या वयात शोभत नाही.

तिच्या हातावर ती ठेवणं त्याला जमणार नव्हतं. ठेवायची तर काहीतरी बोलावं लागलं असतं. 'धुरात घातलीस' हे शब्द मागे घ्यावे लागले असते, आणि शब्द मागे घ्यायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती. त्यापेक्षा तिने भर सभेत बटण दाबावं, चांदीच्या पोटातून ती लाली उमटावी, आणि तिने वळून बघावं. कोणाचं काम आहे हे तिला सांगावं लागणार नाही. एवढंच त्याला हवं होतं.

सभा रविवारी होती. तळ्याकाठी कातडी कमावण्याचा जुना कारखाना आहे, त्याच्या लांबलचक सभागृहात. वर्षातून एकदा तिथे आसपासच्या गावांतले व्हेपवाले जमतात, भिंतीवर रेघा आखतात, आणि कोणाच्या वाफेचा लोट किती लांब जातो ते बघतात. हे सगळं जमवणारा थिमिओस, बाजारात त्याचं व्हेपचं दुकान आहे. अंगाने खाटकासारखा आणि स्वभावाने देवळातल्या मेणबत्त्या विकणाऱ्या म्हातारीसारखा, सगळ्यावर नजर. सकाळी दाराशी त्याचं तपासणीचं टेबल लागे. प्रत्येकाने आपली नळी उघडून द्यायची. थिमिओस कॉइलीचे ओहम मोजायचा, सेलचं आवरण नखाने चाचपायचा, टाचणीएवढं फाटलेलं असलं तरी सेल बाजूला वाळूच्या बादलीत. जे पास झालं ते नावाची चिठ्ठी लावून टेबलावर. नळी वेगळी, सेल तिच्या डबीत वेगळी. पाळी येईपर्यंत मालकानेसुद्धा हात लावायचा नाही.

एवांथियाची नळी पहिल्या झटक्यात पास झाली. "हिची काय तपासायची," थिमिओस म्हणाला, "ही तर मला तपासते." तरी त्याने तपासली.

कोझ्मास सभेला आला हीच त्या दिवसाची बातमी होती. एवांथियाने त्याला दोनदा विचारलं, "बाबा, बरं वाटतंय ना तुला?"

दुपारी सगळे अंगणात जेवायला गेले. शेगडीवर मांस भाजत होतं, चीजची पिता कापली होती, त्सिपुरो दारूच्या बाटल्या फिरत होत्या. थिमिओसचं पोट त्याच्या कर्तव्याशी भांडत होतं.

"कोझ्मासकाका, जरा टेबलाशी बसता? तुमच्यासारखा खात्रीचा माणूस इथे दुसरा कोण आहे?"

"जा, जा. खाऊन ये," कोझ्मास म्हणाला.

आणि मग कुंपणानेच शेत खाल्लं. सभागृह रिकामं झाल्यावर त्याने खिशातून आपला बारीक चिमटा काढला, एवांथियाच्या नळीचं टोपण उघडलं, दोन स्क्रू सैल केले. तिची कॉइल काढली आणि रुमालात ठेवली, कारण तीही चांगलीच होती. कापूस अलगद बाहेर ओढला, चांदीच्या कॉइलीत ओवला, स्क्रू आवळले, टोपण बसवलं. हे सगळं इतकं सफाईने झालं की थिमिओसने स्वतः समोर उभं राहून बघितलं असतं तरी वाहवा केली असती. कोझ्मासने नळी पुन्हा चिठ्ठीसह जागेवर ठेवली आणि हात मांडीवर ठेवून पाद्र्यासारखा बसून राहिला.

जेवणं झाली. सभागृह पुन्हा भरलं, गाणी लागली, एकेक जण लाकडी मंचावर चढून छाती रिकामी करू लागला. वाफेचे पांढरे लोट रेघांवरून सरकत जात आणि लोक पाय आपटत. एवांथियाचं नाव पुकारलं. तिने टेबलावरून नळी उचलली, तोंडाच्या भोकातून रसाचे थेंब सोडले, डबीतून सेल काढून आत सरकवली, बुड आवळलं. बापाकडे बघून एक भुवई उडवली आणि मंचाकडे गेली.

कोझ्मासला आता राहवेना. थिमिओस शेजारीच उभा होता, दात कोरत.

"घाबरट आहात रे तुम्ही सगळे," कोझ्मास त्याला म्हणाला. "मोजतात काय, चाचपतात काय! आज बघशील. माझ्या पोरीच्या नळीत आज अशी कॉइल आहे, की विजेला एवढंसुद्धा अडवणार नाही."

थिमिओस हसला. "अडवणार नाही ती कॉइल कसली, काका? तो तर शॉर्ट झाला."

"शॉर्टबिर्ट मला सांगू नकोस. चांदी आहे ती! शुद्ध. माझ्या हातची."

थिमिओसच्या तोंडातली काडी तशीच राहिली. "चांदी. कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? नळीत. तुम्ही तिकडे मांस चघळत होतात तेव्हा बसवली."

"माते पानायिया!" थिमिओसचा आवाज चिरकला. "काका, दारच काढलंत तुम्ही! दारच काढून टाकलंत!"

ते वाक्य कोझ्मासच्या कानाला लागून गेलं होतं ना, ते आता आत शिरलं. ती दाराशी उभी आहे, बाबा. तोंडाजवळ धरतो आपण ती. त्याने मंचाकडे बघितलं. मध्ये पाठीच पाठी होत्या. थिमिओस त्यांतून वाट काढायला धावला होता, ओरडत होता, पण गाण्यापुढे त्याचं कोण ऐकतो? एवांथियाने बुडाची सुरक्षेची कडी फिरवून सैल केली होती. अंगठा बटणाखाली गेला होता. नळी ओठांकडे निघाली होती. तिचा चेहरा, तिचे दात, तिचे हात. त्याच्याहून हलके ते हात.

"हात!"

तो शब्द त्याच्या तोंडून कसा निघाला ते त्याला कधीच सांगता आलं नाही. गाणं, पाय आपटणं, थिमिओसचं ओरडणं, सगळं कापत तो गेला. आणि मंचावरच्या त्या तिशीतल्या बाईचे दोन्ही पंजे उघडले. तिने वळून बघितलं नाही, विचार केला नाही. आधी पंजे उघडले, मग मान वळली.

नळी सरळ खाली आली आणि बुडाच्या बटणावरच फळीवर आदळली. बटण आत गेलं ते आतच अडकलं. नळी आडवी होऊन दोन वेळा हेलकावली आणि थांबली.

लोक हसले. "काका, बाद केलंत पोरीला!" कोणीतरी ओरडलं. एवांथिया रागाने लाल होऊन नळी उचलायला वाकू लागली.

"मागे हो! हात लावू नकोस!" आता थिमिओस मंचाजवळ पोचला होता. त्याने तिला दंडाला धरून मागे खेचलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. एवढं काहीच झालं नाही, की कोझ्मासला वाटलं आपण उगाच घाबरलो. मग नळीतून बारीकशी शीळ ऐकू आली. गाणं कोणीतरी बंद केलं. शीळ वाढली, उकळत्या किटलीसारखी, आणि तांब्याचा रंग बुडाकडून काळपट होऊ लागला. मग त्या भोकांतून, ज्यांना कोझ्मासने नावं ठेवली होती, आग निघाली. ती ज्योत नव्हती. पांढरी, निळसर, सरळ सुटलेली धार होती, हातभर लांब, आणि तिच्या जोराने ती जड नळी मंचावर भुईचक्रासारखी गरगरत सुटली. फळीवर काळी वर्तुळं उमटत गेली. म्हातारे, पोरीबाळी, दाढीवाले गडी, सगळे भिंतीला टेकून बघत होते.

कोझ्मास हलला नाही. त्याला भीती वाटत होती, आणि तरीही त्याला डोळे काढता येईनात. अंगठ्याएवढी ती सेल त्याने आपल्या डोळ्यांनी तिच्या टेबलावर बघितली होती. एवढ्याशात एवढं मावतं? माणसं ही खिशात घेऊन फिरतात? कानाशी धरतात, उशाशी ठेवतात? त्याच्या दुकानातली आग नोकरासारखी होती. फुंकली तर यायची, थांबलं तर जायची. या आगीला कोणाची ओळख नव्हती. आणि तिच्यासमोर त्याची पोर रोज बसायची, सुईच्या टोकाएवढ्या तारेने तिला धरून, आणि तिच्याकडून डाळिंबाच्या दाण्याएवढा उजेड काढून घ्यायची. कोझ्मासला आयुष्यात कोणाच्याच कारागिरीपुढे असं लहान वाटलं नव्हतं.

थिमिओसने वाळूची बादली उपडी केली. शीळ दबली, मग थांबली. जळक्या गोड रसाचा आणि आणखी कसलातरी वाईट वास राहिला.

एवांथिया खाली उतरली. तिचा रंग उडाला होता. "सकाळी मोजली होती," ती थिमिओसला म्हणाली. "तूच मोजलीस ना? मग कोणी हात लावला?"

थिमिओसने कोझ्मासकडे बघितलं आणि नजर वळवली.

"मी," कोझ्मास म्हणाला. सभागृहातले सगळे ऐकत होते. "मी लावला. तुझी कॉइल काढली. चांदीची घातली. मी वळलेली होती, तुझ्यासाठी."

"चांदीची," ती म्हणाली. आणि मग एवढ्या जोरात ओरडली की तळ्यावरचे पक्षी उडाले असतील. "माझ्या तोंडाजवळ होती ती, बाबा! तोंडाजवळ! सांगितलं होतं ना तुला? काय सांगितलं होतं मी?"

"चांदी राणी म्हणालीस."

"नळीला! वाट द्यायला! दाराशी राणी उभी करतात का? तिथे दरवानच लागतो, दरवान!"

कोझ्मासने मान खाली घातली. ती मान त्या गल्लीत कोणी खाली गेलेली बघितली नव्हती. एवांथियाने त्याचे दोन्ही हात ओढून घेतले, उलटेपालटे करून बघितले, कुठे भाजलं आहे का ते, जरी तो आगीच्या जवळपासही नव्हता. मग ते हात धरूनच ती रडायला लागली, आणि तोही रडला, लोकांसमोर.

वाळू निवल्यावर थिमिओसने पकडीने नळी उचलली, बाहेर दगडावर ठेवून टोपण उघडलं. सेलचा काळा कोळसा झाला होता. कापूस राख. आणि मध्ये, दोन स्क्रूंच्या मध्ये, ती कॉइल होती. एवांथियाने तिच्यावरून अंगठा फिरवला. काजळी निघाली आणि खालून चांदी चमकली, एक वळण इकडचं तिकडे न झालेली. तिने काहीच अडवलं नव्हतं, म्हणून तिला काहीच झालं नव्हतं.

एवांथियाने खिशातून भिंग काढलं. तिचे डोळे अजून ओले होते, पण भिंग डोळ्याला लागलं तसा तिचा चेहरा बदलला.

"आतल्या तारेला डावा पीळ आहे," ती म्हणाली. "वरच्या तारेला उजवा." तिने कॉइल उन्हात थोडी फिरवली. "बाबा, ही हलतेय."

"तुझ्या आजोबांची रीत."

"मला का नाही शिकवलीस?"

"तू वर निघून गेलीस," कोझ्मास म्हणाला. मग, मोठ्या कष्टाने, "मी पण आलो नाही."

दुसऱ्या दिवशी तो वर गेला. कोणी पाठवलं नव्हतं. पोलिक्सेनी खालून बघत राहिली. जिना चढताना त्याच्या हातात चिमटा होता, रुमालात बांधलेली तिची कॉइल होती आणि कागदाच्या पुडीत ती चांदीची.

एवांथियाने त्याला स्टूल दिलं, समोर मोजायचं यंत्र ठेवलं. "स्वतः मोज."

त्याने तिची कॉइल लावली. पॉइंट दोन ओहम. आकडा स्थिर उभा राहिला. मग त्याने चांदीची लावली. यंत्राने क्षणभर विचार केला आणि नुसती शून्यं दाखवली. कोझ्मास त्या शून्यांकडे बराच वेळ बघत होता. एवढा पीळ, एवढी नक्षी, घराण्याची सगळी विद्या, आणि यंत्राला तिथे कोणीच उभं दिसत नव्हतं.

"ही गळ्यात घालीन मी," एवांथिया म्हणाली. "आणि तो डावा-उजवा पीळ मला हट्टी तारेवर करून दाखव. बोटं सोलतात, आधीच सांगते."

"सोलू देत," कोझ्मास म्हणाला. त्याचं अर्धं लक्ष टेबलाच्या कडेला होतं. तिथे एक सेल पडली होती, जुनी, आवरणाला चीर गेलेली. कालचा तो राक्षस असाच कुठल्यातरी डबीत झोपला होता तर. त्याला ती जवळून बघायची होती. चिमटा हातात होताच. त्याने तो पुढे केला, लोखंडी, उघड्या तोंडाचा, सेलची दोन्ही टोकं एकदम धरून उचलायला.

"हात!" एवांथिया ओरडली.

म्हाताऱ्याचे दोन्ही पंजे फटकन उघडले. चिमटा जमिनीवर पडला. का म्हणून त्याने विचारलं नाही.